‘पार्किन्सन्स झालाय, मग उदास राहणारच’: खरं काय?

‘कंपवात (पार्किन्सन्स) झालाय म्हटल्यावर माणूस खचणारच, त्याला वेगळं औषध कशाला?’ हे वाक्य शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आणि फॅमिली ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय. काळजीपोटीच फिरतं, पण ते खरं नाही.

या आजारात मेंदूतलं डोपामिन हे रसायन घटतं. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनांचं कामही बिघडतं, आणि मनःस्थिती यांच्यावरही अवलंबून असते. म्हणूनच काहींना हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी नैराश्य येतं. निदानच झालेलं नसतं, मग त्याचा धक्का कुठला?

हे नैराश्य ओळखणं मात्र अवघड. या आजारात चेहरा आपोआप निर्विकार होतो, आवाज बसतो, झोप बिघडते. म्हणून चेहऱ्यावरून ठरवू नका, विचारा: ‘बाबा, गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास असतं का? आवडीच्या गोष्टींत रस वाटतो का?’ आणि उत्तराला वेळ द्या, त्यांना बोलायला वेळ लागतो.

उत्तर काळजीचं असेल तर न्यूरोलॉजिस्टना सांगा. पार्किन्सन्सच्या गोळीचा असर ओसरताना मन खाली जातं का, ही वेळ टिपून न्या. समुपदेशन, व्यायाम, नैराश्यावरची औषधं यांनी फरक पडतो. चालू गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा. काहींचं एकमेकींशी जमत नाही. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.