कॅडिसफ्लायची नवी जाती : डोंगरी ओढ्यातला शोध आणि वर्णन

कॅडिसफ्लाय हा ट्रायकॉप्टेरा गणातला कीटक, दिसायला साध्या तपकिरी पतंगासारखा, पण पंखांवर खवले नसतात, बारीक केस असतात, आणि ग्रीकमधे गणाच्या नावाचा अर्थ पण केसाळ पंख असाच आहे. बसल्यावर पंख घराच्या छपरासारखे दोन्ही बाजूंनी उतरते दिसतात, मिशा लांबलचक, गुंडाळलेली सोंड नाही. फुलपाखरं आणि पतंग हे याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक. अळी मात्र पाण्यात वाढते आणि तोंडातून निघणाऱ्या रेशमाने वाळू, काड्या, पानांचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते, काही जाती घर न बांधता प्रवाहात जाळं लावून बसतात. हेलिकोप्सिके नावाच्या प्रजातीचं वाळूचं घर तर इतकं हुबेहूब गोगलगाईच्या शंखासारखं असतं की अमेरिकेत आयझॅक ली यांनी १८३४ साली त्याचं वर्णन चक्क गोगलगाय म्हणून केलं होतं.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. नेटवर आपण स्पीशीजला सर्रास प्रजाती म्हणतो, पण इथे जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस असंच धरलंय, नाहीतर पुढे सगळा घोळ होईल.

जगात १६ हजारांपेक्षा जास्त जातींची वर्णनं झाली आहेत आणि भर अजून चालूच आहे, विशेषतः उष्ण कटिबंधातल्या डोंगरांमधून. याचं एक कारण जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९६७ मधे मांडलं, की उष्ण कटिबंधात वर्षभर तापमान फार बदलत नाही म्हणून तिथल्या जिवांना थोड्याच अंशांच्या पट्ट्यात जगायची सवय असते, आणि मग गरम दरी किंवा थंड खिंड त्यांच्यासाठी भिंतच होते. शेजारशेजारच्या दोन ओढ्यांमधे फक्त एक डोंगर असला तरी दोन्हीकडे वेगळ्या जाती सापडू शकतात.

पकडायची नेहमीची पद्धत म्हणजे अंधार पडल्यावर ओढ्याकाठी अतिनील दिवा लावायचा, मागे पांढरी चादर किंवा खाली अल्कोहोलचा ट्रे ठेवायचा. फार उंचावर रात्री इतकी थंडी असते की दिव्यावर फारसं काही येत नाही, मग दिवसा काठच्या झुडपांवर हातजाळी फिरवायची नाहीतर तंबूसारखा मॅलेस सापळा लावून ठेवायचा.

खरं काम लॅबमधे सुरू होतं. पंखांवरून बहुतेक वेळा काहीच ठरत नाही, एकाच प्रजातीतल्या वीस जाती सारख्याच तपकिरी दिसतात, फरक असतो तो नराच्या पोटाच्या टोकाला असलेल्या जननांगात. म्हणून पोट वेगळं करून कॉस्टिक पोटॅशमधे किंवा लॅक्टिक आम्लात गरम करतात, आतला मऊ भाग विरघळतो आणि पारदर्शक कवच उरतं, ते ग्लिसरिनमधे ठेवून मायक्रोस्कोपखाली बाजूने, वरून, खालून अशी चित्रं काढतात. फोटो असला तरी ही रेषाचित्रं लागतातच, कारण कुठला काटा कुठल्या कडेपासून निघतो ते फोटोत कळत नाही. मग त्या प्रजातीतल्या आजवरच्या प्रत्येक जातीशी तुलना, आणि जुनी वर्णनं जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशी विखुरलेली असल्याने यातच सगळ्यात जास्त वेळ जातो.

नाव द्यायचे नियम प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय कोडमधे आहेत. एक नमुना होलोटाइप म्हणून नेमावा लागतो, म्हणजे नाव कायमचं त्या एका नमुन्याला बांधलं जातं, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे लिहावं लागतं. बाकीचे नमुने पॅराटाइप. जाती इतरांपासून वेगळी कशी ओळखायची हे शब्दात यायला हवं. २०१२ पासून फक्त ऑनलाइन छापलेलं वर्णनही चालतं, पण ते काम आधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवलेलं पाहिजे.

चांगलं उदाहरण द्यायचं तर काँटुल्मा पालुगिलेन्सिस. काँटुल्मा ही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली छोटी प्रजाती, ऑलिव्हर फ्लिंट यांनी १९६९ मधे स्थापन केली, आणि १९९५ मधे राल्फ होल्झेन्थाल आणि फ्लिंट यांनी तिचा पूर्ण आढावा घेतला. २०१२ मधे होल्झेन्थाल आणि ब्लांका रिओस-तौमा यांनी इक्वाडोरच्या अँडीजमधून, कीटो शहराच्या पूर्वेकडच्या पालुगियोमधून ही जाती वर्णन केली, नावातला एन्सिस म्हणजे तिथली. हा पारामोचा भाग, झाडांच्या वरच्या रेषेपलीकडचं थंड ओलं गवताळ रान. मला हे वर्णन महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की ते फक्त नरावर थांबलं नाही, अळी आणि कोषासकट जातीचं जगणंसुद्धा त्यात आलं.

कारण बहुतेक उष्णकटिबंधीय जातींचा फक्त नरच माहीत असतो. कुठली अळी कुणाची हे जुळवायचं तर एक तर डीएनए बारकोड म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा ताडून बघायचा, किंवा अगदी बाहेर पडायच्या बेतातला कोष शोधायचा. अशा कोषात अळीने टाकलेल्या कातडीचे कडक तुकडे घराच्या तळाशी पडलेले असतात आणि आतल्या तयार नराचं जननांग कातडीतून दिसतं, त्यामुळे एकाच नमुन्यात दोन्ही ओळखी मिळतात. असा कोष नेमक्या दिवशी हाती लागणं म्हणजे नशीबच!

भारतातल्या जाती हजाराच्या वर आहेत, त्यातल्या शेकडो कीटकतज्ज्ञ फर्नांड श्मिड यांनी गेल्या शतकाच्या मध्यात इथे फिरून गोळा केलेल्या नमुन्यांतून आल्या, आणि त्याही बहुतेक प्रौढ नरावरूनच. त्यामुळे सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याचं पाणी कितपत स्वच्छ आहे हे बघायला कुणी दगड उचलून अळ्या मोजतं तेव्हा ओळख कुळापर्यंत (म्हणजे फॅमिली, प्रजातीच्या वरचा गट) किंवा फार तर प्रजातीपर्यंत जाते. प्रदूषण सहन करण्याची ताकद मात्र एकाच प्रजातीतसुद्धा जातीगणिक बदलते.