एअरबॅग प्रणालीतील विद्युत दोषनिदान

मोटारीच्या डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझत नसेल, तेव्हा दोष वायरिंग, कनेक्टर, सेन्सर, एअरबॅग की नियंत्रक (एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारा छोटा संगणक) यांपैकी नेमका कोठे आहे हे शोधण्याची पद्धत. इग्निशन चालू केल्यावर हा दिवा काही सेकंद, बऱ्याच गाड्यांत सुमारे ६ सेकंद, लागून विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला तर अपघातात एखादी किंवा सर्वच एअरबॅगा न उघडण्याची शक्यता असते. भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि नव्या मॉडेलांमध्ये शेजारच्या प्रवाशाची १ एप्रिल २०२१ पासून. त्यामुळे हे काम आता साध्या गॅरेजांतही येऊ लागले आहे.

प्रत्येक एअरबॅगच्या गॅसनिर्मात्यात (तिला फुगवणारा वायू तयार करणाऱ्या भागात) स्क्विब नावाचा प्रज्वलक असतो. त्याचा रोध साधारण २ ओहम असतो. नियंत्रक त्यातून काही मिलिअँपिअर प्रवाह सोडून हा रोध सतत तपासत राहतो. स्क्विब पेटवायला मात्र सुमारे १.२ अँपिअर प्रवाह २ मिलिसेकंद पुरतो. मुळात रोधच इतका कमी असल्याने गंजलेल्या पिनेने त्यात एखाद्या ओहमची भर घातली तरी नियंत्रक दोष नोंदवतो. तेवढाच गंज हॉर्नच्या वायरीत असता तर कोणाला कळलाही नसता. म्हणूनच बहुतेक वेळा दोष कनेक्टरमध्ये किंवा वायरीत निघतो. एअरबॅग आणि नियंत्रक सहसा ठणठणीत असतात.

निदानाची सुरुवात स्कॅनरने, म्हणजे नियंत्रकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्राने, होते. स्वस्त ओबीडी रीडर (गाडीच्या निदान-सॉकेटला जोडायचे छोटे यंत्र) फक्त इंजिनाचे कोड वाचतात, एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर वेगळा लागतो. बी ०००१ हा चालकाच्या समोरील एअरबॅगच्या पहिल्या टप्प्याचा कोड आणि बी ००१० हा प्रवाशाच्या. काही कंपन्या स्वतःचे क्रमांक वापरतात. कोडापुढचा प्रत्यय अधिक बोलका असतो : १३ म्हणजे वायर तुटलेली, १ए म्हणजे रोध कमी, १बी म्हणजे रोध जास्त, ११ म्हणजे बॉडीशी शॉर्ट, १२ म्हणजे बॅटरीच्या धन बाजूशी शॉर्ट. कोड लिहून ठेवल्याशिवाय पुसू नयेत. बॅटरी कमजोर असेल तर आधी तिची दुरुस्ती करावी, कारण कमी व्होल्टेजमुळेही कोड येतात.

कनेक्टरला हात लावण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण केबल काढावी आणि थांबावे. नियंत्रकातील कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) बॅटरी तुटल्यावरही एअरबॅग उघडण्याइतकी ऊर्जा धरून ठेवतात. टोयोटाच्या गाड्यांसाठी किमान ९० सेकंद, होंडाच्या गाड्यांसाठी ३ मिनिटे सांगितलेली आहेत. इतरांसाठी त्या त्या गाडीची पुस्तिका पाहावी. काढलेली एअरबॅग आच्छादन वर करून ठेवावी, कधीही पालथी ठेवू नये.

स्क्विबवर मल्टीमीटर कधीही लावू नये. मीटरमधून जाणारा प्रवाहही धोकादायक ठरू शकतो. त्याऐवजी एअरबॅग काढून तिच्या जागी २ ओहमचा चाचणी रोधक जोडतात, बॅटरी लावतात आणि कोड पुन्हा वाचतात. दोष गेला तर खराबी एअरबॅगमध्ये किंवा तिच्या पिनांत आहे. तसाच राहिला तर रोधक एकेक कनेक्टर मागे नेत नियंत्रकाकडे सरकायचे. जेथे दोष जातो, तेथपासून आधीच्या जागेपर्यंतच्या तुकड्यात तो सापडतो. मग बॅटरी पुन्हा काढून, दोन्ही टोके सोडवून त्या तुकड्याचा रोध मोजतात. प्रत्येक वायर १ ओहमपेक्षा कमी आणि दोन वायरींमध्ये किंवा बॉडीशी संपर्क शून्य असायला हवा. येथे एक फसगत होते. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये तो सुटताच दोन पिना एकमेकींना जोडणारी शॉर्टिंग पट्टी असते, स्थिर विजेने एअरबॅग उघडू नये म्हणून. मोजताना पट्टीखाली कागद सरकवला नाही तर चांगली वायरही शॉर्ट दिसते. कनेक्टर पुरता बसला नसेल तर हीच पट्टी पिनांना जोडलेली राहून 'रोध कमी' हा कोड येतो.

चालकाच्या बाजूचा दोष असेल आणि सोबत हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणेही बंद असतील, तर संशय आधी क्लॉक स्प्रिंगवर घ्यावा. ही स्टिअरिंगसोबत गुंडाळली-उलगडली जाणारी चपटी रिबन केबल असते. चाचणी रोधक लावून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत स्कॅनरवर रोधाचा आकडा पाहावा. मधेच उडी घेतली तर केबल तुटत आली आहे. नवी बसवताना चाके सरळ आणि केबल मध्यावर हवी. अनेक मॉडेलांत एका टोकापासून सुमारे अडीच फेरे मागे आल्यावर मध्य येतो. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणात ती तुटू शकते.

सीटखालचे पिवळे कनेक्टर सर्वाधिक त्रास देतात. सीट मागेपुढे होताना वायर ताणली जाते, पावसाळ्यात गालिच्याखाली ओल साचते, उंदीर इन्सुलेशन कुरतडतात. सीट कव्हर बसवणाराही कनेक्टर हलवून ठेवतो. शिवाय साइड एअरबॅग असलेल्या सीटवर बंद शिवणीचे कव्हर चढवले तर एअरबॅगची वाटच अडते. पिना हलक्या हाताने साफ करून कनेक्टर क्लिक होईपर्यंत बसवावा. नुसत्या पिना दाबून घट्ट केल्याने काही दिवस बरे वाटते, पुढे खड्ड्यांत दोष परत येतो. वायर जोडायची तर कंपनीने मान्य केलेल्या क्रिंप स्प्लाइसनेच (दाबून बसवायच्या धातूच्या जोडनळीने). काही कंपन्या या वायरींची दुरुस्तीच नाकारतात आणि पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलायला सांगतात.

पुढच्या धडकेच्या सेन्सरचा कोड आल्यास बंपर कधी उघडला होता का, हे आधी विचारावे, कारण हा सेन्सर बहुधा त्याच्या मागे असतो. नियंत्रकावर संशय सर्वांत शेवटी. तो बहुधा गिअर लिव्हरजवळ असतो, त्यामुळे सांडलेला चहा किंवा पाणीही त्याला बाधते. त्याचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला घट्ट हवेत आणि त्यावरचा बाण गाडीच्या पुढच्या दिशेला. एअरबॅग उघडल्यानंतर धडकेचा कोड साध्या स्कॅनरने सहसा पुसला जात नाही.

जुनी गाडी घेताना उलटी तपासणीही करावी. उघडून गेलेल्या एअरबॅगेच्या जागी रोधक जोडून दिवा विझवलेला किंवा तो दुसऱ्या दिव्याच्या वायरीला बांधलेला असू शकतो. इग्निशनवर एअरबॅगचा दिवा लागतच नसेल किंवा ऑइलच्या दिव्यासोबतच विझत असेल, तर कव्हर उघडून आतली एअरबॅग डोळ्यांनी पाहावी.