लॅपटॉप दोन पासवर्ड का मागतो, आणि त्यातला कोणता विसरायचा नाही
(लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

"पासवर्ड बरोबर आहे, रोज तोच टाकतो, आज घेतच नाही." असा फोन आम्हाला वारंवार येतो. बहुतेक वेळा पासवर्ड खरोखरच बरोबर असतो, पण तो दुसऱ्या जागचा असतो.

तुमच्या लॅपटॉपला दोन पासवर्ड आहेत. एक डिस्कचा. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला की मिंटच्या चिन्हाखाली एक चौकट येते, तिथे तो टाकायचा. तो टाकेपर्यंत तुमची एकही फाईल वाचता येत नाही, कारण डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद आहे. दुसरा लॉगिनचा. तुमचे नाव दिसते त्या पडद्यावर, झाकण उघडल्यावर आणि काही नवीन बसवताना तोच विचारला जातो.

नुसत्या लॉगिनच्या पासवर्डने भागत नाही. मिंट असलेला पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू केला, तर एन्क्रिप्ट न केलेल्या डिस्कवरचे सगळे फोल्डर लॉगिनचा पासवर्ड न विचारता उघडतात. दुकानात कोणीही म्हणाले तर आम्ही हे पाच मिनिटांत करून दाखवतो. आणि त्या फोल्डरमध्ये काय असते? पॅन कार्डाचा फोटो, फॉर्म १६, बँकेचे स्टेटमेंट, ई-आधारची पीडीएफ. ई-आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल असा बनतो, आणि दोन्ही गोष्टी शेजारच्या पॅन कार्डाच्या फोटोवर छापलेल्या असतात. लॅपटॉप एसटीत राहिला किंवा जुना म्हणून विकला, तर हे सगळे दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून आम्ही इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करतो. कोणाला नकोच असेल तर आधी सांगावे, नंतर काढायची म्हणजे सगळे पुन्हा बसवावे लागते.

गडबड कुठे होते

झाकण मिटायच्या सवयीत. झाकण मिटले की लॅपटॉप बंद होत नाही, सस्पेंड होतो, म्हणजे नुसता झोपतो. उघडल्यावर तो फक्त लॉगिनचा पासवर्ड मागतो. असे दोन-तीन महिने गेले की डिस्कचा पासवर्ड एकदाही टाकलेला नसतो. मग कधीतरी बॅटरी पूर्ण उतरते, किंवा अपडेटनंतर रीस्टार्ट करावे लागते, आणि ती विसरलेली चौकट समोर येते. ग्राहक तिथे सवयीने लॉगिनचा पासवर्ड टाकतात. तीन वेळा चुकले की थोड्या वेळाने काळा पडदा आणि इंग्रजी ओळी येतात, शेवटी 'इनिटरॅमएफएस' असे दिसते. लॅपटॉप बिघडलेला नसतो. पॉवरचे बटण दाबून धरून बंद करा, पुन्हा चालू करा, पुन्हा तीन संधी मिळतात.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे 'अकाउंट डिटेल्स'मध्ये जाऊन पासवर्ड बदलणे आणि दोन्ही बदलले असे समजणे. तिथे फक्त लॉगिनचा बदलतो. डिस्कचा बदलायचा तर मेनूतून 'डिस्क्स' उघडा, डावीकडे आतली डिस्क निवडा, चित्रातला लक्स (LUKS, डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) लिहिलेला मोठा भाग निवडा, खालच्या दातेरी चाकाच्या बटणावर 'चेंज पासफ्रेज' आहे. आधी जुना, मग नवा दोनदा.

उपाय सोपा आहे. रात्री काम संपले की झाकण मिटू नका, 'शट डाउन' करा. रोज नाही जमले तर आठवड्यातून दोनदा तरी. पासवर्ड बोटांत राहतो हा एक फायदा, आणि दुसरा त्याहून मोठा. एन्क्रिप्शनचे संरक्षण लॅपटॉप बंद असतानाच पूर्ण मिळते. सस्पेंड असताना डिस्कची किल्ली मेमरीत तशीच असते. प्रवासाला निघताना तर लॅपटॉप बंदच असायला हवा.

अडकलात तर

लॉगिनचा पासवर्ड विसरला आणि डिस्कचा आठवतो, तर काळजी नाही. दुकानात या, डिस्कचा पासवर्ड तुम्ही टाका, लॉगिनचा नवा करून द्यायला दहा मिनिटे लागतात. पैसे घेत नाही. त्यानंतर क्रोम उघडताना 'लॉगिन कीरिंग'चा, म्हणजे साठवलेले पासवर्ड जपणाऱ्या मिंटच्या कप्प्याचा, जुना पासवर्ड मागितला जाईल. तो म्हणजे तुमचा जुना लॉगिनचा पासवर्ड. तो आठवत नसेल तर क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड त्या लॅपटॉपवरून गेले असे समजा. फायली मात्र जशाच्या तशा राहतात.

डिस्कचा पासवर्ड विसरला आहे, पण लॅपटॉप या क्षणी चालू आहे, तर तो अजिबात बंद करू नका. चार्जर लावा आणि सगळ्या फायली आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मग चार्जरसकट घेऊन या.

बंद आहे आणि डिस्कचा पासवर्ड काही केल्या आठवत नाही, तर आम्ही काढून देऊ शकत नाही. दुसरे कोणीही देऊ शकत नाही. प्रत्येक प्रयत्न तपासायला मुद्दाम सेकंद-दोन सेकंद लागावेत अशीच रचना आहे, म्हणजे यंत्राने लाखो अंदाज लावत बसणे परवडू नये. अशा वेळी कोणी "फॉरमॅट करून डेटा काढून देतो" म्हणाले तर लॅपटॉप देऊ नका. फॉरमॅट केले की डिस्कच्या सुरुवातीचा किल्ल्यांचा भाग, म्हणजे हेडर, पुसला जातो. मग महिन्याभराने पासवर्ड आठवला तरी उपयोग नाही.

पासवर्ड कसा असावा

डिस्कच्या चौकटीत फक्त इंग्रजी कीबोर्ड धरून चाला. इंग्लंडहून आणलेल्या लॅपटॉपवर ॲट आणि दुहेरी अवतरणाच्या खुणांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात, नम लॉक बंद असेल तर बाजूच्या पट्टीवरचे आकडे उमटत नाहीत, आणि कॅप्स लॉक तर आहेच. म्हणून खुणा आणि आकडे टाळा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, लहान अक्षरांत, मध्ये स्पेस. शब्द मनाने निवडू नका, शब्दकोश कुठेही उघडून बोट ठेवा. मुलांची नावे, गाडीचा नंबर, कुलदैवत ही पहिल्या शंभर अंदाजांतच येतात.

मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. 'विहीर' लिहिताना आज एक आय आणि उद्या दोन ई, 'पाऊस'मध्ये आज एक ए आणि उद्या दोन, असे हमखास होते. 'दगड', 'नगर' असे एकाच तऱ्हेने लिहिले जाणारे शब्द आले तर ठेवा, नाहीतर पुन्हा बोट ठेवा. आणि स्पेलिंगसकट कागदावर लिहून घ्या.

लॉगिनच्या पडद्यावर वेगळी अडचण येते. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर ठिपक्यांच्या मागे देवनागरी उमटत असते. वर उजव्या कोपऱ्यात कीबोर्डची खूण दिसते, ती बघून इंग्रजी करा.

"आमचा पासवर्ड तुम्हीच का लिहून ठेवत नाही?"

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि राग आम्हाला समजतो. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले असेल तर एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडायची ४८ आकड्यांची रिकव्हरी की बहुधा कंपनीकडे जमा होते, आणि खाते उघडून ती मिळते. सोय खरी, पण किल्लीची एक प्रत तिसऱ्याकडे राहते. आम्ही वापरतो ती लक्स ही पद्धत मुक्त स्रोत आहे. तिचा कोड जगात कोणालाही तपासता येतो, आणि किल्ली कुठेही पाठवली जात नाही. आमच्या दुकानात सगळ्यांच्या पासवर्डची वही ठेवली, तर ती चोरीला गेली की सगळ्यांचेच एन्क्रिप्शन वाया. म्हणून वही नाही, आणि व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवू नका ही विनंती.

त्याऐवजी दोन गोष्टी करून देतो, त्या इन्स्टॉलेशनच्या खर्चातच धरलेल्या आहेत. लक्सच्या आताच्या आवृत्तीत एका डिस्कला ३२ पर्यंत पासवर्ड ठेवता येतात. त्यामुळे दुसरा एक लांब पासवर्ड तुम्ही स्वतः टाकायचा, स्वतःच्या हाताने कागदावर लिहायचा आणि पाकीट बंद करून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवायचे. घरातल्या एका माणसाला ते कुठे आहे हे माहीत असावे. माणूस अचानक गेला तर विम्याचे कागद आणि फोटो त्याच्या लॅपटॉपमध्ये अडकून राहतात, हे आम्ही काउंटरवर पाहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हेडरची प्रत, जेमतेम १६ एमबीची फाईल, तुमच्याच पेन ड्राइव्हवर. डिस्कची सुरुवात खराब झाली तर तिने परत उघडता येते, अर्थात पासवर्ड माहीत असेल तरच. पासवर्ड बदललात तर ही प्रत नव्याने घ्या आणि जुनी पुसा, कारण जुन्या प्रतीला जुनाच पासवर्ड लागू राहतो.

यातले काहीही बॅकअपची जागा घेत नाही. मिंटमधले 'टाइमशिफ्ट' फक्त सिस्टीमच्या फायली राखते, तुमचे फोटो नाही. पुष्कळांचा इथे गैरसमज असतो. त्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क वेगळी हवी. आमच्याकडे आहेत, पण कुठूनही घ्या, एन्क्रिप्ट करून द्यायला आणा. तशी डिस्क विंडोजवर सहज उघडणार नाही, एवढे लक्षात असू द्या. दोन्हीकडे लागणार असेल तर तसे सांगा, व्हेराक्रिप्ट हा दोन्हीकडे चालणारा एन्क्रिप्शनचा प्रोग्राम वापरून करतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेले जुने लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत. चार जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर ते मिंटवर चांगले चालतात, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ओळखीत कोणी टाकून द्यायच्या विचारात असेल तर आधी दाखवायला सांगा.

दुरुस्तीला आणताना

स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी किंवा पंखा बदलायला कोणताही पासवर्ड लागत नाही. आम्ही पेन ड्राइव्हवरच्या मिंटने तपासतो. एसएसडी बदलायची असेल तरी डिस्कची प्रत कुलूपबंदच घेता येते. पासवर्ड फक्त सॉफ्टवेअरच्या कामाला लागतो, आणि तेव्हा तो तुम्ही आमच्यासमोर बसून टाकायचा. म्हणून अशा कामाला लॅपटॉप मुलाच्या हाती पाठवू नका, स्वतः अर्धा तास काढून या. चार्जर आणि एक रिकामा पेन ड्राइव्ह बरोबर आणा.