शिसं काढणारं औषध वेगळं, झळ आवरणारं जीवनसत्त्व वेगळं

गोठ्यामागे टाकलेली फुटकी बॅटरी गाय चाटते आणि तिच्यातलं विषारी शिसं पोटात जातं. दोन-तीन दिवसांत ती दात खायला लागते, डोळे उघडे असून भिंतीला धडकते, गव्हाणीला डोकं टेकवून उभी राहते. मग कोणीतरी हमखास सांगतं, ‘व्हिटॅमिनचं इंजेक्शन द्या, विष उतरेल.’ गल्लत होते ती इथेच.

विष उतरवायचं काम कॅल्शियम ईडीटीए या औषधाचं. शिरेतून दिलं की ते शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. पण ते पेशीच्या आत शिरत नाही, शिवाय शिशाबरोबर जस्तही ओढून नेतं. नावातलं ‘कॅल्शियम’ मात्र विसरायचं नाही. नुसतं सोडियम ईडीटीए दिलं, तर ते रक्तातलंच कॅल्शियम पकडतं आणि जनावर दगावू शकतं.

क आणि ई जीवनसत्त्व शिसं बाहेर काढतात असं धरून चालू नये. शिसं रक्त तयार करणाऱ्या साखळीतलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. त्याआधीचा कच्चा माल साचतो आणि त्यातून मुक्त मूलकं (पेशींची नासधूस करणारे अस्थिर कण) सुटतात. त्यांना आवरणारं ग्लुटाथायोनही शिसं अडकवून ठेवतं. म्हणजे आग लावायची आणि पाण्याचा पंपही बंद करायचा! ही आग ही जीवनसत्त्वं विझवतात. ई स्निग्धात विरघळतं, म्हणून पेशीच्या पापुद्र्यात बसून तिथली चरबी खवट होऊ देत नाही. क पाण्यात विरघळतं आणि वापरून संपलेल्या ई-ला पुन्हा कामाला लावतं.

या जीवनसत्त्वांचे बरेच प्रयोग उंदरांवर झालेत. तिथे चरबी खवट झाल्याची खूण असलेलं एमडीए कमी होतं, हे खरं. पण उंदीर काय, गाय काय, क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात. माणूस आणि गिनीपिग बनवत नाहीत. त्यामुळे एकाचा डोस दुसऱ्याला तसाच लावता येत नाही. त्यात गाईला क तोंडावाटे दिलं, तर त्यातलं बरंचसं कोठीपोटातले (पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातले) जंतूच संपवतात. शिशाची विषबाधा झालेल्या गाईला डॉक्टर जे थायमिन टोचतात ते तर ब१, या जोडीतलं नव्हेच.

आणि बॅटरीचा तुकडा जाळीपोटात (पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात) पडून राहिला असेल, तर ईडीटीए किंवा जीवनसत्त्व, दोन्हीही त्याला हलवत नाहीत. तो झिजत राहतो आणि रक्तात नवं शिसं येतच राहतं. दुधातही उतरतं.