सामायिक संगणकावरील ऑफिस सॉफ्टवेअर

एकाच संगणकावर अनेक जण आपापल्या खात्यातून काम करत असताना पत्रे, हिशेबतक्ते इत्यादींसाठी लागणारे सॉफ्टवेअर बसवण्याची आणि त्याचा परवाना सांभाळण्याची ही पद्धत आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याच्या अडत दुकानात दिवसा दिवाणजी ज्या संगणकावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) करतात, त्यावरच संध्याकाळी अर्धवेळ हिशेबनीस जीएसटीचे काम उरकतो, तेव्हा ते सॉफ्टवेअर कोणी, कोणत्या परवान्यावर वापरायचे, हा प्रश्न उभा राहतो.

सॉफ्टवेअर प्रशासक खात्यातून (संगणकात बदल करण्याचे पूर्ण अधिकार असलेल्या खात्यातून) एकदाच बसवले की ते सर्व खात्यांत दिसते. ते दिसते म्हणजे वापरण्याचा हक्कही मिळाला, हा समज मात्र चुकीचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 2021 सारखी एकदाच विकत घेतलेली प्रत त्या यंत्राशी बांधलेली असते, म्हणून तिथे बसणारा कोणीही ती वापरू शकतो. मात्र तिची ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्ती धंद्याच्या कामासाठी नाही, आणि दुकानदार नेमके तिथेच फसतात. ठरावीक मुदतीने पैसे भरून मिळणाऱ्या मायक्रोसॉफ्ट 365 या ऑफिसची वर्गणी मात्र व्यक्तीच्या नावावर असते आणि तिला पाच संगणकांची मर्यादा असते. अनेकांच्या यंत्रासाठी ‘शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन’ ही वेगळी सोय असून तीत प्रत्येकाने स्वतःच्या खात्याने साइन-इन केल्यावर मुदतीचा परवाना त्याच्या प्रोफाइलमध्ये (त्या संगणकावरील त्याच्या खात्याच्या जागेत) साठतो, तो अधूनमधून इंटरनेटवरून नवा होतो आणि त्या पाचांत धरला जात नाही. मायक्रोसॉफ्ट 365 च्या बिझनेस प्रीमियम योजनेत ही सोय आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. परवाना नसलेल्याला फाइल वाचता व छापता येते, बदलता येत नाही.

लिबरऑफिस हे 2010 मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झालेले मुक्त सॉफ्टवेअर असल्याने त्यात माणसे मोजावी लागत नाहीत. साध्या पट्ट्यांना ते पुरेसे आहे. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास प्रताधिकार अधिनियम, 1957 च्या कलम 63-ब नुसार 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

मराठीत काम करणाऱ्यांना परवान्याइतकाच फाँटही छळतो. विंडोज 10 च्या अलीकडच्या आवृत्त्यांत नुसते ‘इन्स्टॉल’ दाबले तर फाँट त्याच खात्यापुरता बसतो. मग दिवाणजींनी श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेली पट्टी हिशेबनिसाच्या खात्यात उघडली की ओळीच्या ओळी निरर्थक रोमन अक्षरांच्या दिसतात. अशा वेळी प्रशासक खात्यातून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडून फाँट पुन्हा बसवावा लागतो. मंगलसारख्या युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरांना एकच संकेत देणारी पद्धत) फाँटमध्ये लिहिलेल्या मजकुराला ही अडचण येत नाही.