अफ्स्पा आणि सर्वोच्च न्यायालय: मणिपूरच्या लढ्यामागचा इतिहास

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि १५ ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लष्कराला विशेष अधिकार देणारा वटहुकूम काढला. पुढे नागा टेकड्यांतलं बंड मोडण्यासाठी १९५८ मध्ये आपल्याच संसदेने त्याच साच्यावर सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, म्हणजे अफ्स्पा, केला. इंग्रजांनी जीव घेण्याइतपत बळ वापरण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कॅप्टन व त्यावरच्या अधिकाऱ्यांना दिला होता. आपण तो हवालदारासारख्या बिनसनदी अधिकाऱ्यांपर्यंत खाली आणला. कलम ६ नुसार जवानावर खटला भरायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. सगळं घोडं अडतं ते इथेच.

१९९७ मध्ये सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. निराश करणारा निकाल, पण त्यातल्या अटी पुढे कामी आल्या: ‘अशांत क्षेत्रा’च्या (म्हणजे हा कायदा जिथे लागू करायचा त्या भागाच्या) घोषणेचा दर सहा महिन्यांनी फेरविचार, आणि लष्कराने जवानांसाठी केलेली ‘काय करावं, काय करू नये’ ही यादी बंधनकारक.

हा कायदा मणिपूरमध्येही लागू झाला. तिथे सुरक्षा दलांच्या चकमकींत मारल्या गेलेल्यांच्या विधवा आणि आया २००९ मध्ये संघटित झाल्या. २०१२ मध्ये १,५२८ मृत्यूंची यादी घेऊन त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने न्या. संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने नमुन्यादाखल सहा प्रकरणं तपासली. सहापैकी एकही चकमक खरी निघाली नाही.

८ जुलै २०१६ ला न्या. मदन लोकूर आणि मूळचे महाराष्ट्रातले न्या. उदय लळित यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं: मणिपुरात युद्ध चालू नाही, बंदीहुकूम मोडून शस्त्र बाळगणारा प्रत्येक माणूस ‘शत्रू’ होत नाही, मेलेला अतिरेकी असला तरी अवाजवी बळाच्या आरोपाची चौकशी व्हायलाच हवी. माझ्या मते या विषयातला आपल्याकडचा हा सर्वांत महत्त्वाचा निकाल. पुढच्या वर्षी तपास सीबीआयच्या विशेष पथकाकडे गेला. २०१८ मध्ये तीनशेहून अधिक लष्करी अधिकारी आणि जवान या चौकशांविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांची याचिका फेटाळली गेली.

चौकशीचा हक्क असा मिळाला. खटल्याची किल्ली मात्र दिल्लीतच राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये नागालँडच्या ओटिंगजवळ कोळसा खाणीतून घरी परतणारे मजूर लष्कराच्या गोळीबारात मारले गेले. राज्य पोलिसांनी ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने परवानगी नाकारली. १७ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती फौजदारी कारवाई बंद केली. परवानगी मिळाल्यास ती पुढे नेता येईल, एवढी वाट ठेवली.