लिंबाचं ॲप आणि मावशीची 1 तारीख

मावशीच्या मोबाईलवर मी 'नो युवर लेमन्स' हे ब्रेस्ट कॅन्सरची लक्षणं ओळखायला शिकवणारं ॲप टाकून दिलं तर तिच्या मुलाला वाटलं आई लोणच्याच्या रेसिप्या बघतेय. आणि खरं सांगू का, तेच बरंय. आपल्याकडे एक फोन चार जण हाताळतात, त्यात छातीचे फोटो कोण उघडणार? कोरीन बोमाँट नावाच्या डिझायनर बाईंनी हाच प्रश्न अंड्यांच्या ट्रेमध्ये 12 लिंबं मांडून सोडवला. एका लिंबाला खळगा, एकाची साल संत्र्यासारखी, एक लालसर, एकाचं टोक आत ओढलेलं... ब्रेस्ट कॅन्सरची 12 लक्षणं अशी एका चित्रात बसली. आणि गाठ? बहुतेक वेळा लिंबाच्या बीसारखी टणक, जागची न हलणारी, आणि मुख्य म्हणजे बऱ्याचदा न दुखणारी. "दुखत नाही ना, मग काही नाही" म्हणत आपल्या बायका नेमकं इथेच महिने घालवतात.

ॲपचा दुसरा उपयोग तारखेचा. पाळीच्या आधी हार्मोन्समुळे छाती जड होते, गाठीगाठी लागतात, तेव्हा हात लावून बघितलं की उगाच घाबरायला होतं, म्हणून पाळी संपल्यावर दोनचार दिवसांनी बघायचं, आणि ही आठवण ॲपच करून देतं. मावशी 54 ची, पाळी गेलेली, तिने सरळ महिन्याची 1 तारीख धरली, म्हणजे भिशीची आणि लिंबाची आठवण एकदमच.

पण नुसतं ॲप टाकलं की झालं का? तर नाही. शांघायमध्ये कापड गिरण्यांमधल्या जवळपास 2 लाख 66 हजार बायकांवर मोठा प्रयोग झाला होता, निम्म्यांना स्वतः तपासायला नीट शिकवलं, 2002 मध्ये निकाल आला तर मृत्यू दोन्हीकडे सारखेच, उलट शिकवलेल्या बायकांमध्ये कॅन्सर नसलेल्या साध्या गाठींच्या बायोप्स्या (तुकडा काढून तपासणं) वाढल्या.

आता आपल्या मुंबईचं बघा. टाटा हॉस्पिटलने 1998 पासून दीड लाखावर बायकांचे दोन गट केले, एका गटाला फक्त एकदा माहिती दिली, दुसऱ्या गटाला माहिती तर दिलीच, शिवाय ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, असं चार वेळा. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं मशीन नाही, काही नाही! 20 वर्षांनी हिशोब केला तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की ॲपमध्ये चित्रं कितीही गोड असोत, ते बाईला शेवटी कुणाच्या तरी शिकलेल्या हातापर्यंत नेतंय का ते बघा.

मावशीला मी तेवढ्यासाठीच दवाखान्यात नेलं. सिस्टरनी दहाएक मिनिटं तपासलं, काखेतसुद्धा, काही निघालं नाही. पुढची तारीख मात्र मावशीने फोनमध्ये न टाकता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलीय, दुधाच्या हिशोबाशेजारी.